आत्याचा जर्मन पाना

गेल्या मे महिन्यात गावी (साताऱ्याजवळ) गेलो होतो तेव्हा आत्याने माझ्यावर एक काम सोपवलं. गावातून दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या लोकांच्या वस्तूंचं एक छोटंसं प्रदर्शन शाळेत भरणार होतं. आत्याला त्यात तात्यांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, 'जर्मन पाना' द्यायचा होता. "तू शिकलेला आहेस, त्याच्याखाली लावायची चिठ्ठी तू लिही," असा हुकूम. मजकूरही तिने तयारच ठेवला होता: 'लिबियाच्या वाळवंटात जर्मन ट्रकमधून काढून आणलेला पाना, १९४२.'

ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येकाने शंभरदा ऐकलेली आहे. तात्या फौजेत ड्रायव्हर-फिटर होते. वाळवंटात एक सोडून दिलेला जर्मन ट्रक दिसला, टूलबॉक्स उघडी होती, तात्यांनी पाना उचलला आणि खिशात टाकला. गोष्टीत कधी रोमेल यायचा, कधी नाही यायचा. सांगणाऱ्याच्या मूडवर अवलंबून. :)

तात्या आफ्रिकेत होते याबद्दल शंका नाही. ट्रंकेत त्यांचा आफ्रिका स्टार आहे, वाळूच्या रंगाची फीत आणि मधे लाल पट्टा असलेला. हे पदक १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत असलेल्यांना मिळायचं. प्रश्न फक्त पान्याचा होता. आणि तो प्रश्नही खरं तर आधी नव्हताच. मला फक्त चिठ्ठीत कंपनीचं नाव लिहायचं होतं, म्हणून मी खाकी कॅनव्हासची ती अख्खी वळकटी पुण्याला घेऊन आलो. आत तेवीस नग. सगळ्यांवर गंज आणि जुन्या ग्रीसचा थर.

जुन्या हत्यारांच्या नादाला लागलेल्यांना एक सल्ला देतो. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश वापरू नका. गंज जातो, पण त्याबरोबर ठोकलेली अक्षरंही जातात, आणि अक्षरं गेली की हातात नुसतं भंगार उरतं. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवायचं, मग पितळी ब्रशने हलक्या हाताने घासायचं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढण्याची पद्धतही छान आहे, पण क्रोम चढवलेल्या वस्तूला आणि स्टेनलेसच्या पट्टीला ती वापरू नका, क्रोमियमचे विषारी क्षार तयार होतात.

तर पहिल्या रविवारी सात-आठ पाने स्वच्छ झाले. एकावर '१/४ डब्ल्यू' असं ठोकलेलं. मी व्हर्निअर लावला. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तोंड भरलं १३.३! पुन्हा मोजलं. तेच. पाव इंचाचा पाना अर्ध्या इंचापेक्षा मोठा कसा?

उत्तर असं की तो आकडा पान्याचा नाहीच, बोल्टच्या दांड्याचा आहे. पाव इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टचं षटकोनी डोकं ०.५२५ इंच असतं, आणि ते ज्यात बसतं तो पाना '१/४ डब्ल्यू'. (आम्ही सॉफ्टवेअरवाले व्हेरिएबलला असं नाव दिलं तर कोड रिव्ह्यूमध्ये धुलाई होते.)

हा व्हिटवर्थ म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ, मँचेस्टरचा यंत्रकार. त्याच्या आधी इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापल्या मनाचे आटे पाडायचा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेल याची खात्री नाही. व्हिटवर्थने वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापं घेतली, साधारण सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एक पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे ते ठरलेलं. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२. रेल्वेने ती उचलली आणि ब्रिटनमध्ये ती रुळली. १९०८ च्या सुमारास मोटारींसारख्या कामांसाठी बारीक आट्यांचं भावंड आलं, बीएसएफ. त्याची डोकी एक नंबर लहान, म्हणजे ५/१६ बीएसएफला १/४ व्हिटवर्थचाच पाना. दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला व्हिटवर्थचीही डोकी एकेक नंबर लहान केली. म्हणून त्या काळच्या ब्रिटिश पान्यांच्या एकाच तोंडावर दोन-दोन आकडे दिसतात. जुन्या बाजारात असा पाना दिसला की समजायचं, हा ब्रिटिश गाडीचा.

अमेरिकेने मात्र हे घेतलं नाही. विल्यम सेलर्स नावाच्या फिलाडेल्फियाच्या कारखानदाराने १८६४ साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये सांगितलं की ५५ अंशाचा, गोल माथ्याचा आटा पाडणं आणि तपासणं हे कसबी माणसाचं काम आहे; ६० अंश घ्या, माथा सपाट ठेवा, साध्या कारागिरालाही जमेल. मला त्याचं म्हणणं पटतं. पण परिणाम असा झाला की अर्ध्या इंचाच्या इंग्रजी बोल्टला इंचात १२ आटे आणि अमेरिकन बोल्टला १३. दिसायला जुळे भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्यावर चढत नाही. जोर लावला तर दोन फेरे चढतो आणि तिथेच अडकून बसतो, ते जास्त वाईट.

शांततेच्या काळात हे चालून गेलं. तात्या ज्या वाळवंटात होते तिथे त्याची खरी किंमत कळली. तिथे भारतीय डिव्हिजन होत्या, त्यांच्याकडे ब्रिटिश गाड्या होत्या, आणि कॅनडात बनलेले फोर्ड-शेव्हर्लेचे ट्रकही होते. कॅनडाने युद्धात ट्रक बनवले चार लाखांच्या वर. ते सगळे अमेरिकन मापाचे, ज्याला ब्रिटिश लोक 'एएफ' म्हणतात: इथे पान्यावरचा आकडा म्हणजे खरोखर डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर. आता कल्पना करा. रात्रीची वेळ, दिवा लावायची बंदी, एक गाडी इंग्रजी, दुसरी कॅनेडियन, आणि हातात एकच वळकटी. '१/४ डब्ल्यू'च्या नटाला अर्ध्या इंचाचा एएफ पाना जात नाही, ९/१६ चा जातो पण जवळजवळ एक मिलिमीटर सैल. एकदा घसरला की नटाचे कोपरे गोल, आणि मग छिन्नी-हातोडी. मी हा प्रयोग भर दुपारी, पंख्याखाली, मित्राच्या जुन्या बुलेटवर करून बसलो आहे. बोटाची सालटी गेली आणि मित्र दोन आठवडे बोलत नव्हता.

विमानांचीही तीच गत. रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन अमेरिकेत बनवायचं काम १९४० मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने घेतलं. सुटे भाग ब्रिटिश इंजिनांना बसायला हवेत, म्हणून आटे ब्रिटिशच ठेवायचे ठरलं. पण ते पाडायची हत्यारं अमेरिकेत तयार मिळेनात, तेव्हा पॅकार्डने ती स्वतः बनवली. अशी ५५ हजारांवर इंजिनं निघाली. या सगळ्या डोकेदुखीतूनच १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एका समान आट्यावर सह्या केल्या. कोन ६० अंश. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी सेलर्स जिंकला!

जाता जाता मॉरिसची गंमत सांगतोच, नाहीतर चैन पडणार नाही. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच तोफा-बंदुकांची कंपनी कॉव्हेंट्रीत आली. युद्ध संपल्यावर तिच्याकडे यंत्रं होती, पण काम नव्हतं. विल्यम मॉरिसने तिच्याकडून इंजिनं बनवून घेतली आणि १९२३ मध्ये तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मिलिमीटरचे. पण इंग्लंडमधल्या मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थची! हा प्रकार पुढे एमजीच्या गाड्यांमध्ये १९५० च्या दशकापर्यंत चालू राहिला. म्हणजे पाना बरोबर बसला म्हणून आटेही तेच असतील असं समजू नये.

असो. वळकटीकडे वळतो.

तीन रविवारांत तेवीसचे तेवीस साफ झाले आणि मी ते जमिनीवर मांडले. आपोआप तीन ढीग पडले. व्हिटवर्थ-बीएसएफचे नऊ. एएफचे पाच, हे जीपसाठी, आणि पुढे अँबॅसेडरसाठी असणार (मॉरिस ऑक्सफर्डची ही आवृत्ती नव्या समान आट्यांच्या जमान्यातली). आणि मिलिमीटरचे आठ. फिएट ११०० पासून स्कूटरपर्यंत सगळं मिलिमीटरवालं. एक साधी पक्कड उरली. युद्धानंतर तात्यांनी आधी मुंबईत आणि मग साताऱ्यात गॅरेजमध्ये काम केलं. त्यांच्या हाताखालून कुठल्या काळात कुठल्या गाड्या गेल्या ते या ढिगांवरून जवळजवळ वाचता येत होतं. तात्यांनी स्वतः यातलं कधी काही सांगितलं नाही. सांगायचे ते फक्त रोमेलचं.

जर्मन पाना मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. एका बाजूला १४, दुसऱ्या बाजूला १७. दांड्यावर 'क्रोम-व्हॅनेडियम' आणि 'जर्मनी' इंग्रजी अक्षरांत. इंग्रजीत देशाचं नाव असणं यात विशेष नाही. परदेशी मालावर मूळ देश छापायची सक्ती ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने आणली, तेव्हापासून निर्यातीच्या जर्मन मालावर ते येतं. पण जर्मन फौजेच्या ट्रकमधल्या पान्यावर इंग्रजी कशाला, अशी पाल तेव्हाच चुकचुकली. 'जर्मनी'च्या आधी गंजाखाली अजून एक अक्षर होतं, डब्ल्यू. आठवडाभर डोक्यात व्हिटवर्थच असल्यामुळे मी तो डब्ल्यू व्हिटवर्थचाच धरून चाललो होतो. पण १४ आणि १७ हे मिलिमीटर. मिलिमीटरच्या पान्यावर व्हिटवर्थचं काय काम?

रॉकेलचा आणखी एक हात मारल्यावर डब्ल्यूपुढचा टिंब दिसला.

डब्ल्यू, टिंब, जर्मनी. वेस्ट जर्मनी. हा देश जन्मला २३ मे १९४९ ला. तेव्हा तात्या वाळवंटातून परत येऊन वर्षं झाली होती.

खोटं सांगत नाही, मला वाईट वाटलं. चिठ्ठी आत्याच्या मनासारखी लिहून टाकावी, शाळेतली पोरं काय भिंग घेऊन बघणार आहेत, असंही मनात आलं. मग उरलेल्या पान्यांकडे बघत बसलो असताना त्या '१/४ डब्ल्यू'च्या मागच्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. दिव्यासमोर तिरपा धरला. कोंबडीच्या पायासारखं तीन रेघांचं बाणाचं टोक, आणि शेजारी १९४२. ते बाणाचं टोक म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. सैन्याच्या हत्यारांवर ती असायची. म्हणजे युद्धातला पाना वळकटीत होता, पण त्याच्याबद्दल कोणी कधी गोष्ट सांगितली नव्हती. तो आफ्रिकेतच तात्यांना मिळाला असं मात्र बाण सांगत नाही. युद्धानंतर फौजेचा माल डिस्पोजलमध्ये ढिगांनी विकला गेला, तात्यांनी तो मुंबईत चार आण्यालाही घेतला असेल.

आत्याला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. गावी गेलो, दोन्ही पाने तिच्यापुढे ठेवले, भिंग दिलं. तिने बराच वेळ तो डब्ल्यू आणि टिंब बघितला. मग म्हणाली, "म्हणजे तात्या खोटं बोलले?"

मी म्हटलं, "अगं, कदाचित तसा पाना खरंच आणला असेल. हरवला असेल, आणि हा त्याच मापाचा नवा घेतला असेल." हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण अशक्यही नाही.

"एकोणपन्नासनंतरचा आहे हे नक्की?"

"नक्की."

आत्या चव्वेचाळीस सालची. तात्या मुंबईहून सुट्टीला यायचे तेव्हा एसटी स्टँडवर त्यांना आणायला ती जायची, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. वळकटी त्यांच्या खांद्यावर असायची आणि तिच्या हातात एखादा पाना द्यायचे, ओझं वाटून घ्यायला म्हणून.

चिठ्ठी मी अशी लिहिली: 'ब्रिटिश सैन्याचा पाना, १९४२. मोटार दुरुस्तीसाठी. उत्तर आफ्रिकेत सेवा केलेल्या ड्रायव्हर-फिटरच्या संग्रहातून.' त्याच्याशेजारी आफ्रिका स्टार ठेवला.

जर्मन पाना आत्याने शाळेत दिला नाही. पदराने पुसला आणि म्हणाली, "मग हा माझ्याकडेच राहू दे. मी होते तेव्हा आणलेला आहे."