मुसी नदीचा महापूर, १९०८

हैदराबाद शहरातून वाहणाऱ्या मुसी नदीस २८ सप्टेंबर १९०८ रोजी आलेला विनाशकारी पूर. मुसी ही कृष्णेची उपनदी असून ती विकाराबादजवळील अनंतगिरी टेकड्यांत उगम पावते. शहराच्या वरच्या बाजूस तीस ईसी ही नदी मिळते. एरवी क्षीण वाहणाऱ्या या नदीच्या दोन्ही तीरांवर कुत्बशाही काळापासून वस्ती दाटत गेली होती.

शहराच्या वरच्या बाजूच्या सु. २,२०० चौ. किमी. पाणलोट क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले ७८८ लहानमोठे तलाव होते. अवर्षणाच्या मुलखात हे तलाव म्हणजे शेतीचा प्राण. मात्र त्यांची रचना साखळीसारखी असल्याने वरचा बांध फुटला, की त्याचा लोंढा खालच्या तलावावर येई. शमशाबाद येथे २४ तासांत सु. ३२५ मिमी. व ४८ तासांत सु. ४८० मिमी. पाऊस झाला आणि एकामागून एक असे २२१ तलाव फुटले. शहरावर आलेले संकट केवळ आकाशातले नव्हते. अनेक वर्षे बांधांआड साठविले जाणारे पाणी काही तासांत खाली उतरले होते.

नदीचा विसर्ग दर सेकंदास सु. १२,००० घ.मी. इतका झाल्याचा हिशेब पुढे मांडण्यात आला. अफजल, मुसल्लम जंग व चादरघाट हे पूल निकामी झाले. सोळाव्या शतकातील पुराना पूल तेवढा टिकला. पेटला बुरुजावर आश्रयास गेलेले लोक बुरुजासह वाहून गेले, तर अफजलगंज भागातील एका चिंचेवर चढलेले सु. १५० लोक वाचले. हा वृक्ष पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आला. मृतांची संख्या सामान्यतः सु. १५,००० मानली जाते, सु. १९,००० घरे पडली.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या शासनाने पूरनिवारणासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणारे हे अभियंते १९०९ मध्ये हैदराबादेस आले. शहरात तट उंचावण्यापेक्षा पूर वरच अडवावा, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर (१९२०) व ईसीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय पूर्ण झाले. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन होऊन नदीकाठ मोकळे करण्याचे कामही हाती घेण्यात आले.

या जलाशयांनी पूर रोखला, तसेच शहरास दीर्घकाळ पिण्याचे पाणीही पुरविले. परंतु पूर विस्मरणात गेल्यावर नदीपात्राकडे व जुन्या तलावांच्या क्षेत्रांत पुन्हा वस्ती सरकली. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. मात्र दक्षिण हैदराबादेतील अनेक वस्त्या बुडाल्या त्या नदीने नव्हे, तर शहरातीलच तलावांचे बांध फुटल्याने.