मासळीचा सातबारा

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्काच्या मुख्य भागांत हॅलिबटची मासेमारी वर्षातून दोन-तीनदा, तीही चोवीस-चोवीस तास, एवढ्यावर येऊन ठेपली होती. हॅलिबट हा तळाशी राहणारा चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच कुशीला, आणि पुरता वाढला तर वजन दोनशे किलोंच्या घरात. तो धरायला आमिष लावलेल्या गळांचे लांबच लांब दोर तळाशी सोडतात. वेळ सुरू झाली की वादळ असो वा नसो, बोटी सुटायच्या. खलाशी डोळ्याला डोळा न लावता दोर ओढायचे. वेळ संपली की लागलेल्या मासळीसकट कितीतरी दोर समुद्रातच राहायचे. जास्त भार झालेल्या बोटी बुडायच्या, माणसं जायची. धक्क्यावर एकदम एवढी मासळी यायची की ती गोठवण्याखेरीज इलाज नसे.

एकूण किती हॅलिबट धरायचा, याला मर्यादा होती. त्यातला कुणाचा किती, हे मात्र ठरलेलं नव्हतं. मग शेजाऱ्याने मोठं इंजिन बसवलं की आपणही बसवायचं, कर्ज काढून का होईना. बोटी वाढल्या तसे दिवस आटले.

हे दुखणं कॅनडाचे अर्थतज्ज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ सालीच मांडून ठेवलं होतं: समुद्र सगळ्यांना मोकळा असला, तर नफा दिसतोय तोवर नवी बोट उतरतच राहते आणि शेवटी सगळ्यांचाच नफा खर्चात जिरतो.

उपाय निघाला तो प्रत्येकाचा वाटा आधीच बांधून देण्याचा. त्याचं नाव कोटा. लॅटिन मुळातही अर्थ 'केवढा वाटा' असाच. आइसलँडची हेरिंग मासळी जवळपास संपली, मासेमारी बंद ठेवावी लागली. १९७५ साली ती पुन्हा सुरू करताना प्रत्येक बोटीला वाटा ठरवून दिला. १९७९ साली तो दुसऱ्याला विकायची मुभा मिळाली, आणि खरी कलाटणी इथेच आहे. आता परवडत नसलेला मच्छीमार वाटा विकून, हाती चार पैसे घेऊन बाहेर पडू शकत होता. बोटी कमी करायला सरकारला काठी उगारावी लागत नव्हती.

न्यूझीलंडने १९८६ साली ही पद्धत देशाच्या प्रमुख मत्स्यजातींना लावली. त्याआधीच अर्धवेळ मासेमारी करणाऱ्यांचे परवाने काढून घेतले होते, आणि त्यांत तिथले मूळ रहिवासी माओरी पुष्कळ होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या किनाऱ्यावर जगलेल्यांच्या हाती सातबारा आलाच नाही. माओरी न्यायालयात गेले. १९९२च्या तडजोडीत त्यांना सीलॉर्ड या बड्या कंपनीची निम्मी मालकी आणि पुढे कोट्याखाली येणाऱ्या प्रत्येक जातीत २० टक्के वाटा मिळाला. ही भरपाई मोठी होती, पण ती भांडून मिळवावी लागली, हे मला विसरता येत नाही.

अलास्कात हॅलिबटचा कोटा १९९५ साली आला. हंगाम एकदम आठ महिन्यांचा झाला. वादळात धक्क्यावर थांबता येऊ लागलं, ताजा मासा बाजारात दिसू लागला, बोटींची संख्या घटली. वाटे ठरले ते मागच्या काही वर्षांच्या पकडीवरून, आणि मिळाले बोटीच्या मालकांना किंवा ती भाड्याने चालवणाऱ्यांना. त्याच बोटीवर वर्षानुवर्षं गळांना आमिष लावणाऱ्या खलाशाच्या नावावर एक किलोही चढला नाही. त्याला हवा असेल तर तो विकत घ्यायचा होता.