महाबळेश्वरचें आरोग्यस्थान व स्टॅफिलोकोकसाचा गुप्त प्रतिकार

महाबळेश्वरीं मालकमपेठ वसली ती आजाऱ्यांस थंड हवा मिळावी म्हणून. इ. स. १८२९ त सातारकर प्रतापसिंह महाराजांनीं ही जागा वाईकडील खंडाळा गांवाच्या मोबदल्यांत कंपनी सरकारास दिली, हें वाचकांस विदितच आहे. त्या काळीं गळूं चिघळल्यास शस्त्र, पोटीस व हवापालट एवढेच उपाय होते. पुवांतील जंतु स्कॉटलंडच्या ऑग्स्टन यांनीं १८८० त ओळखला व १८८२ त ग्रीक भाषेंतील द्राक्षघोसावरून त्यास स्टॅफिलोकोकस नांव दिलें. तासगांवचे मळे पाहिलेल्यांस तें समर्पक वाटेल.

पुढें पेनिसिलीन आलें. १९५५ त पिंपरीच्या सरकारी कारखान्यांत तें होऊं लागलें. परंतु औषध आधीं व प्रतिकार मागाहून, हा समज कालानुक्रमास सोडून आहे. पेनिसिलीन नष्ट करणारें विकर अब्राहम व चेन यांनीं दुसऱ्या एका जंतूंत दाखविलें तें डिसेंबर १९४० त. ऑक्सफर्डचा पहिला रोगी उपचारास घेतला तो फेब्रुवारी १९४१ त.

याहून गूढ प्रकार एरिथ्रोमायसिनचा. हें औषध फिलिपाइन्समधील मातींतून मिळालें व १९५२ त प्रचारांत आलें. १९५६ त पॅरिसच्या शाबेर यांनीं नोंदविलें कीं, त्याच्या सान्निध्यांत जंतु स्पायरामायसिन या दुसऱ्या औषधासहि दाद देत नाहीं. कारण पुढें उमगलें. प्रतिकाराच्या जनुकाचा निरोप घडी घातलेल्या कागदासारखा मिटलेला असतो. एरिथ्रोमायसिन प्रथिनें घडविणाऱ्या रायबोसोमास अडवितें, तेव्हां घडी उलगडते; मग तयार होणारें विकर रायबोसोमांत असा फरक करतें कीं, क्लिंडामायसिनहि तेथें चिकटत नाहीं. क्लिंडामायसिन एकटें असतां घडी सहसा उलगडत नाहीं. म्हणून एकट्या चकतीची परीक्षा तें 'लागू' असल्याचें सांगते. मात्र उपचार चालू असतां, ज्यांची घडी कायमची उघडी आहे असे जंतु निपजून माजतात, व रोगी दगावूं शकतो.

यास्तव दोन्ही औषधांच्या चकत्या १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवितात. क्लिंडामायसिनभोंवतालचें खळें शेजारच्या बाजूस चपटें होऊन इंग्रजी 'डी' अक्षरासारखें दिसल्यास गुप्त प्रतिकार सिद्ध होतो. खळें वाटोळें राहिल्यास, एरिथ्रोमायसिन निरुपयोगी ठरलें तरी क्लिंडामायसिन टाकून देण्याचें कारण नाहीं. एकाच कागदावरून अस्सल किंवा बनावट असा निवाडा न देतां शेजारचा कागद ताडून पाहण्याची आपली रीत येथें रोग्याच्या प्राणास उपयोगी पडते.