सुरतेच्या नक्षीकाराचा कुंचला
मोगलांच्या परवान्याने 1613 साली इंग्रजांनी जेथे वखार थाटली आणि 1664 साली शिवाजी महाराजांनी जेथील दौलत राजगडी नेली, ते सुरत बंदर मराठी वाचकास परिचित आहे. परंतु व्यापार मुंबईकडे सरकल्यानंतरही या शहराने जे कसब हातचे जाऊ दिले नाही, त्या वस्त्रावरील नक्षीकडे आपल्या बखरकारांचे लक्ष क्वचितच गेले.

जरीच्या किनखापात नक्षी प्रथम मागाच्या दोऱ्यांतच बांधलेली असे. 1804 च्या सुमारास फ्रान्सात जॅकार्डने सिद्ध केलेला माग पुढे या देशी आला, तेव्हा चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना छिद्रे पाडण्याचे काम सुरू झाले. कृत्रिम रेशमाच्या छापील साडीने बाजार व्यापल्यावर सहा रंगांसाठी सहा फिल्मा काळ्या शाईने हाती रेखाव्या लागत, आणि एका कडेस तुटलेली वेल दुसऱ्या कडेस अचूक जुळावी म्हणून कागदाचे तुकडे उलटसुलट जोडून मधली सांध भरावी लागे. नक्षी शेठची असली तरी कुंचला मात्र कारागिराचा होता.

संगणक आला आणि कुंचलाही परकी कंपनीच्या मालकीचा झाला. ज्याला परवान्याचे मोल झेपेना, त्याने चोरीच्या प्रतीवर निर्वाह केला.

वस्तुतः पर्याय तेव्हाच जन्मास येत होता. 1995 साली बर्कली विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी 'गिम्प' ही चित्रे घडविण्याची मुक्त संगणक-प्रणाली रचण्यास आरंभ केला. 2003 साली रेखाचित्रांसाठी 'इंकस्केप' निघाले. रंगचित्रांसाठीचे 'क्रिता'ही याच परंपरेतले. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेला ग्नू सार्वजनिक परवाना ही या सर्वांची सनद असून, वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क तीत दिलेला आहे. क्रितात चित्रफलकाच्या कडा परस्परांस जोडण्याची सोय आहे: उजवीकडे बाहेर गेलेली वेल तत्क्षणी डावीकडून आत येते. रचणाऱ्यांनी सुरत पाहिली असेल असे नव्हे, पण कात्री-गोंदाची ती जुनी हातोटी येथे पुरती उतरली आहे. गिम्पही चित्राचे रंग मोजक्या संख्येवर आणतो, आणि छपाईस तेवढेच हवे असते.

तरीही व्यापारी, नक्षीकार आणि छपाईची गिरणी एकाच कंपनीच्या फाईलीला सरावल्याने या साधनांचा शिरकाव तोकडाच राहिला, हा दोष साधनांचा नव्हे, रिवाजाचा आहे. खानदेशातून येऊन सुरतेच्या लिंबायत-उधन्यात स्थिरावलेल्या कुटुंबांतील मुलांना संगणकावर नक्षी शिकविणाऱ्यांनी निदान पहिला धडा तरी याच साधनांवर द्यावा.