रोज किती प्रथिने? दीडशे वर्षे बदलत राहिलेला एक आकडा

मध्यंतरी एक आजी आणि त्यांचा नातू एकत्रच दवाखान्यात आले. तक्रार आजींची होती. खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, जिना चढवत नाही. पण प्रश्न विचारला नातवाने : "डॉक्टर, मी प्रोटीन पावडरचे दोन चमचे घेतो, तीन केले तर चालतील का?" मी दोघांनाही कालपासून काय काय खाल्ले ते सांगायला लावले आणि कागदावर बेरीज केली. नातवाची प्रथिने दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर गेली. आजींची तिसाच्याही आत राहिली. चहा, खारी, दोन लहान पोळ्या, पातळ वरण, रात्री मऊ भात. घर एक, डायनिंग टेबल एक आणि त्यावर तो भलामोठा डबा!

मग "नेमकी किती हवीत?" हा प्रश्न आलाच. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते, आणि पुढे देणारही आहे. पण हा आकडा आला कुठून ते कळले, तर तो कोणाला लागू पडतो हेही कळेल. म्हणून आज थोडा इतिहास.

'प्रोटीन' हा शब्द 1838 चा. डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांनी तो छापला, सुचवला होता स्वीडनच्या बर्झेलियस यांनी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पहिल्या क्रमांकाचे. आपल्या 'प्रथिन' शब्दातही 'प्रथम' ऐकू येतोच. म्हणजे नाव ठेवतानाच या पदार्थाला पहिला नंबर देऊन टाकलेला होता! त्यानंतर जर्मनीतील लीबिग या त्या काळच्या बड्या रसायनशास्त्रज्ञाने सांगितले, की स्नायू काम करताना स्वतःतली प्रथिनेच जाळतात. त्यामुळे जो जास्त राबतो त्याला जास्त मांस हवे. ऐकायला किती पटण्यासारखे!

1865 च्या ऑगस्टमध्ये झुरिचचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनुस, हे तपासायला स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न डोंगरावर चढले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनयुक्त काहीही खाल्ले नव्हते. सोबत होत्या नुसत्या स्टार्चच्या, चरबीत तळलेल्या पुऱ्या आणि साखर घातलेला चहा. वाटेतली सगळी लघवी बाटल्यांत जमा केली. प्रथिने जळली की त्यांतला नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो, म्हणून त्यावरून हिशेब करता येतो. साधारण दोन हजार मीटर उंच शरीर उचलून न्यायला जेवढी ऊर्जा लागली, त्यातली फार तर निम्मी त्या प्रथिनांतून निघू शकत होती. म्हणजे चढले ते मुख्यतः पिठावर आणि चरबीवर. लीबिग यांचे म्हणणे तिथेच कोसळले. व्यायामशाळांत ते अजून उभे आहे, हा भाग वेगळा.

तरी आकडे मोठेच राहिले. म्युनिकच्या फॉइट यांनी कष्टकरी माणसासाठी दिवसाला 118 ग्रॅम सांगितले, अमेरिकेत ॲटवॉटर यांनी 125. हे कसे काढले? बरे खाणारे कामगार काय खातात ते मोजून. लोक किती खातात आणि त्यांना किती लागते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत ना? येल विद्यापीठाच्या चिटेंडन यांनी हेच विचारले आणि सुरुवात स्वतःपासून केली. मग काही सहकारी, तेरा सैनिक आणि आठ खेळाडू विद्यार्थी यांना महिनोन्‌महिने कमी प्रथिनांवर ठेवले. 1904 मध्ये त्यांनी जाहीर केले, की फॉइट यांच्या निम्म्या प्रथिनांवर ही मंडळी ठणठणीत राहिली, ताकद उलट वाढली. (सैनिकांना रोज व्यायामही करवला जात होता, त्यामुळे ताकदीचे सगळे श्रेय आहाराला देता येत नाही.)

आता भारतात येऊ, कारण इथे या आकड्याला राजकारणाचा वास लागला. कलकत्ता मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक मॅके यांनी 1912 च्या पुस्तकात चिटेंडन यांना विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की भातखाऊ बंगाली माणसाला प्रथिने कमी मिळतात म्हणून तो दुबळा. शरीरापर्यंत ठीक, पण ते स्वभावापर्यंत जाऊन पोचले! पुढे मॅकॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत उंदरांना भारतातील वेगवेगळ्या प्रांतांचे जेवण घातले. सर्वांत चांगले वाढले शीख आहारावरचे उंदीर, नंतर पठाणी, तिसरे मराठा. तळाला मद्रासी. हा निकाल आजही 'मांस खा' म्हणून सांगितला जातो. पण त्या शीख ताटात काय होते? कोंड्यासकट गव्हाची पोळी, भरपूर दूध, लोणी, डाळ, भाज्या आणि मांस फक्त अधूनमधून. मद्रासी ताटात सडलेला पांढरा तांदूळ आणि बाकी सगळे नाममात्र. फरक एकट्या प्रथिनांचा नव्हताच, सगळ्या ताटाचा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथिनांचे घोडे पुन्हा उधळले. आफ्रिकेत सिसिली विल्यम्स यांनी 1930 च्या दशकात क्वाशिओरकोर हा मुलांचा आजार वर्णन केला होता. अंगावर सूज, फिकट केस, चिडचिड. कारण प्रथिनांची कमतरता मानले गेले आणि बघता बघता गरीब देशांतले सगळे कुपोषण त्याच नावाखाली गेले. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या 'प्रथिन संकटा'चा अहवाल काढला. माशांचे पीठ, तेलबियांचे पीठ, काय काय शोधले गेले.

इथे आपला एक माणूस आडवा आला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, सातारा जिल्ह्यातील बुध गाव. डॉक्टर नव्हे, संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. भारतातील आहाराची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले, की ज्याला पोटभर जेवण मिळते त्याला बहुधा पुरेशी प्रथिनेही मिळतात. ज्याला प्रथिने कमी पडतात तो मुळात अर्धपोटीच असतो. कारण शरीराचा हिशेब साधा आहे. चुलीत घालायला लाकूड नसले की माणूस घरातला पाट फोडून जाळतो. उष्मांक अपुरे असले की शरीर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळते. बांधकामाला मग उरते काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांच्या गटाने हे मुलांमध्येच पाहिले. एक ते पाच वर्षांच्या कुपोषित मुलांना रोजच्या जेवणावर 310 किलोकॅलरी जादा दिल्या, त्यात प्रथिने फक्त 3 ग्रॅम. चौदा महिन्यांत मुलांची उंची आणि वजन इतर मुलांपेक्षा चांगले वाढले. महागडी पावडर नाही, पोटभर खाणे. 1974 मध्ये मॅकलारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रथिन मोहिमेला फसगतच म्हटले. मधल्या काळात ज्या मुलांना साधे अन्न पोचायला हवे होते ती मोठी झाली, किंवा झाली नाहीत. (सुखात्मे यांनी पुढे शरीर कमी आहाराशी जुळवून घेते असेही मांडले. ते गोपालन यांना मान्य नव्हते, आणि माझेही मत गोपालन यांच्या बाजूचे आहे.)

मग सुखात्मे बरोबर असतील तर आमच्या आजी कशा कमी पडल्या? त्या काही अर्धपोटी नव्हत्या.

गोम इथे आहे. सुखात्मे यांच्या हिशेबातले पोटभर जेवण म्हणजे ज्वारी, बाजरी, गहू, डाळ. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे पोट भरले की प्रथिने आपोआप येत. आज आपले उष्मांक येतात तेल, साखर, मैदा, बिस्किटे यांतून. तेलात आणि साखरेत प्रथिने शून्य. पोट भरते, पण प्रथिने सोबत येत नाहीत. त्यात वय वाढले की भूक कमी होते आणि त्याच प्रथिनांतून स्नायू बांधण्याची शरीराची क्षमताही मंदावते.

आता आकडा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम अशी आहे. मुख्यतः धान्यावर जगणाऱ्यांनी एक ग्रॅम धरावा, कारण धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. वरण-भात, पिठलं-भाकरी यांनी ते आधीच जुळवले आहे. दोन्ही एकाच घासात खायला हवे असेही नाही, दिवसभरात मिळाले तरी चालते. साठीनंतर वृद्धांच्या आहारावरील तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात. वजनाचे व्यायाम करणाऱ्यांना 1.6 च्या पुढे फारसा फायदा दिसत नाही. नातवाचे वजन 62 किलो, म्हणजे शंभरच्या आतच सगळे भागते.

कुठून घ्यावीत? अमेरिकेतील सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या दीर्घ पाहणीत, 2016 मध्ये, प्रक्रिया केलेल्या लाल मांसाऐवजी वनस्पतिजन्य प्रथिने खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण डाळी, उसळी, शेंगदाणे, दूध-दही, अंडी, मासे यांना घाबरायचे कारण नाही हे नक्की. सॉसेज, सलामी मात्र कधीतरीच.

आजींना मी पावडर दिली नाही. सकाळी खारीऐवजी मुगाच्या डाळीचे धिरडे, दुपारी वरण घट्ट आणि वाटीभर, चार वाजता मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट दह्यात, रात्री एक कप दूध किंवा उकडलेले अंडे. (अंडे चालते, असे त्यांनी नातवासमोर थोडे लाजत सांगितले.) आणि रोज खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव, दहा वेळा, सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभे राहून. त्याआधी क्रिएटिनिनची तपासणी करून घेतली. तुमच्या घरी कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, तर वरचे आकडे त्यांच्यासाठी नाहीत. त्यांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

नातवाने विचारले, "मग डब्याचे काय करू?" म्हटले, संपव आणि पुढचा आणू नकोस. त्या पैशांत आजीच्या अंड्यांचे आणि शेंगदाण्यांचे भागेल.