सातवा गडी

आमच्या उत्रोली गावात आम्ही कबड्डीला हुतूतू म्हणायचो. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचं, ढेकळं फोडायची, फक्कीनं रेषा आखायच्या. चांगल्या चढाईपटूला तेव्हाही मुंबईची नोकरी खेळावर मिळायची. पण यात्रेला तो गावाकडूनच उतरायचा.

२०१४ला प्रो कबड्डी आली. पहिल्या लिलावात राकेश कुमारवर १२ लाख ८० हजारांची बोली लागली. २०१८ला मोनू गोयतवर १ कोटी ५१ लाखांची. घाम गाळणाऱ्याला मोल मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता होतकरू पोरगा लवकरच पुण्याला मॅटवर सरावाला जातो आणि गावात सहाच गडी उरतात. पकड साखळीनं होते. एक कडी निसटली की कोपरा उघडा पडतो. लिलावाच्या त्या पैशातला थोडा वाटा या मातीकडे परत यायलाच हवा.