तोळाभर रुपया, अर्धी चांदी

लक्ष्मीपूजनाच्या तबकात चांदीचा रुपया मांडणारी घरे पुण्यात आजही आहेत. त्या रुपयावरचे साल सहसा कोणी पाहत नाही. ते पाहावे, असे मी सुचवेन.

1938 आणि 1942 चे रुपये मी अनेकदा शेजारी ठेवून पाहिले आहेत. दोन्हींवर सहावा जॉर्ज. दोन्हींचे वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. पहिल्यात शुद्ध चांदी 165 ग्रेन, दुसऱ्यात 90. उरलेली जागा तांबे, निकेल व जस्ताने भरून काढलेली.

हा बदल 1940 चा. फ्रान्स पडल्यावर लोक नोटा देऊन रुपये मागू लागले आणि रुपये घरोघर दडू लागले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी बाळगणे गुन्हा ठरवले, एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातली चांदी घटवली. हिशेब सोपा होता. शंभर तोळे चांदीचा भाव 109 रुपयांपुढे गेला की जुना रुपया वितळवणे फायद्याचे ठरते. नव्याच्या बाबतीत तो भाव 200 व्हावा लागतो.

असेच काही 1619 ते 1623 या काळात जर्मन प्रदेशांत घडले होते. तीस वर्षांच्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी राजेरजवाड्यांनी नाण्यांत तांबे वाढवले. दलाल ताजव्याने जुनी जड नाणी निवडून घेत आणि वितळवायला टाकसाळीत पाठवत. मजुराच्या हाती हिणकस नाणे उरे. आपल्याकडे मात्र वजन तोळाभरच राहिल्याने ताजव्याला काही कळण्यासारखे नव्हते.

पेशवाईतल्या पुण्यात अंकुशी, चांदोरी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. सराफ ते पारखून बट्टा लावी. 1835 मध्ये कंपनी सरकारने एकच प्रमाण रुपया ठरवला आणि पुढे हळूहळू ही पारख व्यवहारातून गेली. छाप पाहून रुपया घ्यायची सवय लागली. 1940 मध्ये सरकारच्या कामी आली ती हीच सवय.

व्हिक्टोरियाचा राणीछाप रुपया 1941 मध्ये चलनातून बाद झाला. 1943 पर्यंत जुन्या कसाचे बाकीचे रुपयेही गेले. मुदतीत खजिन्यात भरणाऱ्याला रुपयाला रुपया मिळाला, पण तो कागदाचा किंवा अर्ध्या चांदीचा. चांदीचा भाव ठाऊक असणाऱ्याने जुने रुपये धातू म्हणून राखले. युद्धकाळात नोटांचे चलन सुमारे 180 कोटींवरून 1,100 कोटींपुढे गेले. महागाईची झळ बसली ती बांधलेल्या पगारावर जगणाऱ्या कारकुनाला आणि रोजंदारीवरच्या मजुराला.

1947 मध्ये निकेलचा रुपया आला आणि त्यातली उरलीसुरली चांदीही संपली. अर्ध्या चांदीची नाणी परत घेऊन वितळवली गेली. त्या चांदीतून अमेरिकेकडून युद्धकाळात उसनी घेतलेली चांदी फेडायची होती.

युद्धकाळातली ही घट म्हणजे माझ्या मते बट्टाच होता. पेशवाईत तो सराफाच्या पेढीवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कापला जाई. दर पटला नाही तर शेजारची पेढी होती. या बट्ट्यावर घासाघीस करायला पेढीच नव्हती.